मोटर बंद आहे, हाच मुद्दा

सध्या नाशिकमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी धरणाचा आकडा आहे. सकाळी दूधवाला सांगतो, दुपारी रिक्षावाला सांगतो, संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर फोटो येतो. गढूळ पाणी, वर काळे ढग, खाली जोडलेले हात. आकडा वाढला की शहर खूश. पाणीकपात टळली, गाड्या धुवायला मोकळे.

मला या खुशीचा राग येतो, आणि उगाच येत नाही. त्या फोटोत मी पाणी बघत नाही, फरशी बघते. धरणाच्या फुगवट्यातून पलीकडच्या आवळपाड्याला जाणारा एक ठेंगणा सिमेंटचा रस्ता आहे, त्याला सगळे फरशी म्हणतात. तुमचा आकडा अर्ध्यापर्यंत चढला की ती फरशी बुडते. मग दिवाळी उलटेपर्यंत पाड्याला रस्ता नाही. मागे सरळ कडा, पुढे पाणी, मध्ये पाड्यावरची घरं आणि भाताची खाचरं. ज्यांच्या जमिनीवर हे पाणी उभं आहे, तेच त्या पाण्यात अडकतात. शहराला नळ आणि त्यांना होडी. ही वाटणी कोणी केली, असं विचारलं की कार्यालयातली माणसं छताच्या पंख्याकडे बघायला लागतात.

काल सातपूरच्या सिग्नलला एक म्हातारी स्कूटर माझ्यापुढे उभी होती. मागून निळसर धूर, पेट्रोलमध्ये जळणाऱ्या ऑइलचा तो गोडूस, घशाशी बसणारा वास. शेजारच्या बाइकवाल्याने नाक दाबलं. मी मात्र हिरवा दिवा लागेपर्यंत तो वास घेत राहिले. तीन पावसाळे झाले, तरी हा वास आला की माझे कान आपोआप कशाची तरी वाट बघतात. इंजिन धरतं की नाही याची.

त्या वर्षी मी पत्रकं लिहायचे. अजूनही लिहिते, पण तेव्हा मला वाटायचं की पत्रक लिहिणं म्हणजेच काम. चळवळीत मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं: एका पत्रकात एकच मागणी. मोठ्या अक्षरात. वाचणारा माणूस बस धरायला पळतोय असं समजून लिहायचं. आमची मागणी होती पूल. "आवळपाड्याला पूल द्या!" खाली मुद्दे. त्यातला चौथा मुद्दा माझा लाडका होता: "शासनाने दिलेली मोटर, तीही बंद!"

ती मोटर मी पाड्याच्या समाजमंदिरात पाहिली होती. धरण झालं तेव्हा पाटबंधारे खात्याने एक होडी आणि होडीच्या मागच्या फळीला अडकवायची एक मोटर पाड्याला दिली होती. होडी कधीच फुटून गेली. मोटर चार-पाच पावसाळे चालली, एक दिवस थांबली, आणि मग कोणी तिच्याकडे बघितलं नाही. आढ्याच्या वाशाला दोरीने उलटी टांगलेली, अंगावर खताचं पोतं. हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला, कंपनीचं नाव झिजून गेलेलं. वरचं टोपण कोणीतरी काढून कोपऱ्यात ठेवलं होतं आणि त्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी कोंबडीसकट फोटो काढला. सोन्यासारखा फोटो. शासनाच्या अनास्थेचा याहून बोलका पुरावा कुठला?

घरी पप्पांनी तो फोटो माझ्या मोबाइलवर पाहिला. चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीन नाकाशी नेऊन. पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याने सगळ्यांनाच लवकर घरी बसवलं, तेव्हापासून आमच्या लेबर कॉलनीतल्या ओट्यावर लोकांच्या जुन्या स्कूटरी नीट करतात. तोंडाने कमी बोलतात.

"टू-स्ट्रोक आहे," ते म्हणाले.

"असेल. फोटो कसा आलाय?"

"ही मरत नाही. झोपते. आण इकडे, चालू करतो."

"पप्पा, चालू नाही करायची."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "का?"

मी त्यांना समजावलं. पाहणीला साहेब येणार आहेत. पूल मंजूर करायचा की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर आहे. मोटर बंद आहे, लोक वल्ही मारत जीव मुठीत धरून येतात, हाच तर आपला मुद्दा आहे. चालू मोटर दिसली की ते म्हणतील, सोय आहे की.

पप्पांनी मोबाइल मला परत दिला. मग म्हणाले, "तीस वर्षं मशीन चालू ठेवायची हजेरी लावली मी. बंद ठेवायची चळवळ पहिल्यांदा ऐकतोय."

मम्मी आतून हसली. मला चीड आली. कारखान्यातून निघालेल्या माणसाला डावपेच काय कळणार, असं मी मनात म्हणाले. मनातच म्हणाले, हे बरं झालं.

वर्षावास सुरू होता. मम्मी पांढरी साडी नेसून रोज विहारात वाचनाला जायची. येऊन सांगायची, पूर्वी भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहायचे. चालताना पायाखाली कोवळं रोप, किडामुंगी येऊ नये म्हणून. मला ते ऐकून छान वाटायचं आणि लगेच पाडा आठवायचा. तिथेही माणसं तीन-चार महिने एका जागी राहतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

पाड्यावर माझं जाणं-येणं बुधाकाकांच्या होडीतून. बुधाकाका म्हणजे पन्नाशीचा, सुक्या बोंबलासारखा माणूस, मांडीवर वल्ह्याचे घट्टे पडलेले. त्यांची मुलगी सुमन. आश्रमशाळेत बारावी झालेली, एकोणीस वर्षांची, जिभेला धार. आमच्या पत्रकातल्या चुका ती काढायची. "ताई, 'हालअपेष्टा' किती वेळा लिहिलंस? आम्ही काय दिवसभर तेच करतो का?" सुमनला सिकलसेल होता. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर हा आजार घरोघर माहीत आहे. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, कुठेतरी अडकतात, आणि मग हाडांत कळा सुरू होतात. गार हवा, भिजणं, अंगातलं पाणी कमी होणं, काहीही पुरतं. म्हणजे पावसाळा हा तिचा सगळ्यात वाईट काळ. आणि पावसाळ्यातच रस्ता नाही.

श्रावणाच्या तोंडावर मी पाड्यावर असताना तिला कळा आल्या. आम्ही तिला होडीत घेतलं. समोरून वारा. बुधाकाका वल्हं मारायचे, होडी हातभर पुढे जायची आणि वारा तिला वीतभर मागे ढकलायचा. पलीकडे उभी असलेली काळीपिवळी जीप दिसत होती. दिसतच राहिली, जवळ येईना. सुमनने ओढणीचा बोळा दातांत धरला होता. मी मोबाइल काढला. सवयीनेच काढला. तिने बोळा काढून म्हटलं, "ताई, फोटो नको. केस बघ कसे झालेत."

बुधाकाका हसले नाहीत. धापा टाकत त्यांनी विचारलं, "ती मोटर चालू व्हईल, असं तुझा बाप म्हन्तो, खरं हाय का?" पप्पांशी झालेला तो वाद मी सुमनला सांगितला होता.

मी मोबाइल पिशवीत टाकला.

"मंग?"

"काका, साहेब येईपर्यंत..."

त्यांनी वल्हं पाण्याबाहेर धरलं. त्या वाऱ्यात होडी गर्रकन फिरली. "मोटर आमची हाय का तुमच्या पत्रकाची?"

एवढंच. पुन्हा वल्हं मारायला लागले. त्या फेरीला दवाखान्यात पोचलो, सलाइन लागलं, पाच दिवसांनी सुमन घरी आली. पण ते वाक्य घरी परतलं नाही. माझ्यासोबत सातपूरला आलं. आठवड्याने बुधाकाकांनी धाडलेली मोटरही आली, दुधाच्या पिकअपमध्ये, किटल्यांच्या मध्ये आडवी पडून. कोंबडीची पिलं नुकतीच निघून टोपणातच होती, म्हणून ते मागून आलं.

मग ओट्यावरचे ते दिवस. बाहेर सारखी रिपरिप, ओट्यावर पत्र्याचा आडोसा, आणि स्टँडला अडकवलेली मोटर. पप्पांनी प्लग काढला, त्या भोकातून बोट घालायचा प्रयत्न केला, मग वरचं जड चाक दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं. ढिम्म. आतला दट्ट्या गंजून नळकांड्याला चिकटला होता. मी म्हटलं, "हातोडी मारा."

"हातोडी तू सरकारला मार," ते म्हणाले.

त्यांची पद्धत वेगळी होती. भोकातून चमचाभर पातळ तेल सोडायचं आणि थांबायचं. आमच्या घरात अजून शेजारच्या कारखान्याच्या भोंग्यावर दिवस चालतो. पहिल्या पाळीच्या भोंग्याला चमचाभर तेल आणि चाकाला केसभर रेटा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. दुसऱ्या पाळीच्या भोंग्याला पुन्हा. जोर करायचा नाही. रोज तेच. शेजारचे निवृत्त कामगार हातात कप घेऊन येऊन बसायचे आणि सल्ले द्यायचे. एक म्हणायचे रॉकेल टाक, दुसरे म्हणायचे गरम कर, तिसरे म्हणायचे भंगारात घाल. पप्पा सगळ्यांना "हो" म्हणायचे आणि चमचाभर तेल टाकायचे. पाचव्या दिवशी दुसऱ्या पाळीच्या भोंग्याला चाक हललं. आवाज झाला, जुनं दार उघडल्यासारखा. पप्पांनी चाकावर तळहात तसाच ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि मम्मीला म्हणाले, "चहा टाक."

कार्बोरेटर उघडला तर आतलं पेट्रोल सुकून लाखेसारखं झालं होतं. तपकिरी, कडक. सुईच्या टोकाएवढी भोकं त्यांनी तांब्याच्या तारेच्या एका धाग्याने मोकळी केली. करंट येत नव्हता. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर पांढरं चढलं होतं, ते काचकागदाने घासलं. नवा प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली आणि निळी ठिणगी पडली, चट्. मी तेव्हा काय लिहीत होते ते मला आठवतं. साहेबांच्या पाहणीची तारीख ठरली होती, येत्या गुरुवारची, आणि मी नवीन पत्रक लिहीत होते. चौथा मुद्दा तसाच ठेवला होता. "तीही बंद!" ओट्यावर ठिणगी पडत होती आणि आत मी ते उद्गारचिन्ह पुन्हा गडद करत होते.

रविवारी त्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, दोरी चाकाभोवती गुंडाळली आणि ओढली. चौथ्या ओढीला मोटर लागली. सगळी गल्ली धुरात गेली. म्हातारे कामगार टाळ्या वाजवायला लागले, कोणीतरी शिट्टी मारली, मम्मी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. पप्पांनी ती चालू ठेवली. मिनिट, दोन मिनिटं. स्कूटर चालू झाली की ठेवतात तशी, कान तिरका करून, आवाज ऐकत.

मग जळक्या रबराचा वास आला.

पप्पांनी झटकन बंद केली. पण व्हायचं ते झालं होतं. आयुष्यभर त्यांनी वाऱ्यावर थंड होणारी इंजिनं नीट केली. ही पाण्यावर थंड होते. खालचा दांडा पाण्यात बुडलेला असेल तर आतलं रबराचं छोटं फूल फिरतं, पाणी वर ओढतं, आणि तेच इंजिनाला गार ठेवतं. कोरडी चालवली की ते फूल आधी जळतं. पाण्याचं पिंप दोन हातांवर होतं. कोणाच्या ध्यानात आलं नाही. स्कूटरवाल्यांची गल्ली ती, तिथे इंजिनाला पाणी पाजायचं कोणाला सुचणार?

खालचा भाग उघडला तेव्हा ते फूल हातात चुरा होऊन आलं. पप्पा पायरीवर बसले. टाळ्या वाजवणारे एकेक करून निघून गेले. असं त्यांना मी कारखाना सुटला त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

आणि मला बरं वाटलं.

हे लिहायला मला तीन वर्षं लागली. मला बरं वाटलं. गुरुवारपर्यंत मोटर बंद राहणार. मुद्दा शाबूत. मी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, "जाऊ द्या पप्पा, होतं असं," म्हणाले, आणि आत येऊन पत्रक छपाईला पाठवलं.

पप्पांनी मात्र सोमवारी अंबडची औद्योगिक वसाहत गाठली. त्यांचा जुना जोडीदार तिथे एका छोट्या शेडमध्ये रबराचे भाग बनवतो. दोघांनी मिळून जळक्या फुलाचे तुकडे कागदावर जुळवले, त्यावरून साचा केला, आणि मंगळवारी पप्पा डब्याच्या पिशवीतून सहा पाकळ्यांचं नवं काळं फूल घेऊन आले. बुधवारी पिंपात मोटर चालली. मागच्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार निघाली. "ही धार दिसली पाहिजे," त्यांनी मला दाखवलं. "सुरू झाल्यावर धार नाही आली तर ताबडतोब बंद. नाहीतर इंजिन कायमचं बसेल, मग मीही काही करू शकत नाही." त्याच दुपारी मोटर घेऊन ते पाड्यावर गेले. मी अडवलं नाही. फक्त एक अट घातली. साहेब जाईपर्यंत मोटर ताडपत्रीखाली.

"बरं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

गुरुवारची सकाळ. पाणी शिशासारखं, आभाळ उतरलेलं, वाऱ्यात गारठा. आमचा बेत पक्का होता. साहेब पलीकडच्या काठावर उतरतील. बुधाकाका शेजारची लहान होडी वल्हवत जाऊन त्यांना आणतील, समोरच्या वाऱ्यातून, सावकाश. साहेबांना भिजवायचं, हा ठराव बायकांनी एकमताने केला होता. "आमी चार महिने भिजतो, त्यानं एक घंटा भिजावं," एक आजी म्हणाल्या, "लगेच पूल बांधील." सगळ्याजणी खिदळल्या. अलीकडे काठावर आम्ही फलक घेऊन ओळीत उभ्या. बुधाकाकांच्या मोठ्या होडीच्या मागे निळ्या ताडपत्रीखाली मोटर. शेजारी पप्पा, उकिडवे.

सुमन ओळीच्या शेवटी होती. फलक तिच्या हातात होता, पण टोक जमिनीवर टेकवलेलं. मी जवळ गेले. ओठ पांढरे.

"दुखतंय?"

"रोजचंच."

"कुठे?"

तिचा हात छातीवर होता. नेहमी ती गुडघे धरायची, कंबर धरायची. छाती मी पहिल्यांदा पाहिली. सिकलसेलचं दुखणं छातीत गेलं की ते नुसतं दुखणं राहत नाही, जिवावर बेततं, हे मला माहीत होतं. मीच त्यावर एक परिपत्रक वाचलं होतं.

पलीकडे पांढरी गाडी येऊन थांबली. दार उघडलं. छत्री उघडली.

"साहेब येऊन जाईपर्यंत थांबते मी," सुमन हळूच म्हणाली. "मोटर दिसली तर गेलं सगळं. तुझी मेहनत गेली."

आणि मी म्हणाले, "थोडं थांबशील?"

तिने मान हलवली.

किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. घड्याळ बघायची हिंमत नव्हती. बुधाकाका लहान होडीत पाय टाकत होते. वाऱ्याने फलक फडफडत होते. मी साहेबांच्या छत्रीकडे बघत होते आणि सुमनच्या श्वासाचा आवाज ऐकत होते. वर चढणारा, मध्येच अडणारा. मग फलक पडल्याचा आवाज आला. सुमन खाली बसली होती. पप्पा उठून आले, तिचा हात हातात घेतला आणि नखांकडे बघितलं. निळी.

"पप्पा, पलीकडे साहेब..."

"दिसतोय मला," ते म्हणाले.

ताडपत्री मी ओढली. एवढं तरी माझ्या हातून झालं.

बुधाकाका लहान होडी सोडून मोठ्या होडीच्या वल्ह्यावर, पप्पा मोटरीशी, सुमनचं डोकं माझ्या मांडीवर. पहिली ओढ. काही नाही. दुसरी, तिसरी. मोटर खोकायची आणि गप्प व्हायची. गारठ्यामुळे पप्पांनी चोक दिला होता, तो जास्त झाला, पेट्रोल ओव्हरफ्लो झालं. प्लग काढला तर ओला चिंब. माझ्या ओढणीने पुसला, फुंकला, परत लावला. बुधाकाका वल्हं मारत होते, हातभर पुढे, वीतभर मागे. "सुमन, श्वास घे." "घेतेय ना," ती पुटपुटली, "ओरडतेस काय." मग तेही बंद झालं. फक्त डोळे उघडे.

दोरी निसटून पप्पांच्या तोंडावर बसली. ओठ फुटला. त्यांनी पुन्हा गुंडाळली. ओढली.

लागली.

पांढरा धूर, कानठळ्या, होडीच्या फळ्या थरथरल्या. बुधाकाकांनी वल्हं वर उचललं. पप्पांचं लक्ष काठाकडे नव्हतं, मागच्या भोकाकडे होतं. मीही तिथेच बघत होते. धार नव्हती. काठ अजून लांब. धार नाही. "बंद करू?" पप्पा ओरडले. बंद केली तर इंजिन वाचेल आणि आम्ही पाण्याच्या मध्यावर. चालू ठेवली तर कुठल्याही क्षणी कायमची बसेल. पप्पांसारखा माणूस मला विचारत होता. मी सुमनकडे बघितलं आणि ओरडले, "नको!" त्यांनी बोट बटणावर तसंच ठेवलं. एक थेंब आला. मग थुंकल्यासारखं थोडं पाणी. मग बारीक, सरळ, न तुटणारी धार.

पलीकडे साहेब मोबाइलवर शूटिंग करत होते. होडी काठाला लागली तेव्हा त्यांनी सुमनला पाहिलं. मोबाइल खिशात घातला, छत्री फेकली आणि स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून तिला उचलायला पायांकडून धरलं. "माझी गाडी घ्या," ड्रायव्हरला म्हणाले, "सायरन असता तर वाजवला असता, हॉर्न दाबून धर." गाडीत मी सुमनशेजारी, बुधाकाका पुढे. साहेब पावसात काठावरच राहिले, पप्पांबरोबर. वाईट माणूस असता तर फार सोपं झालं असतं.

ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन लावला आणि तसंच पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "आणखी उशीर केला असता तर..." आणि पुढचं न बोलता दुसऱ्या खाटेकडे गेल्या. बुधाकाकांनी मला विचारलं, "कधीपासून दुखत होतं तिला?" मी म्हणाले, "माहीत नाही."

महिन्याने साहेबांचा शेरा आला. मला तो पाठ आहे. "सदर पाड्यास यांत्रिक होडीची सुविधा उपलब्ध असून ती चालू स्थितीत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले. सबब पुलाची निकड तूर्त दिसून येत नाही." एकही शब्द खोटा नाही. मी तो कागद टेबलावर आपटला, पुन्हा वाचला, खोटा शब्द शोधला. सापडला नाही. बंद पडलेली मोटर इतकी वर्षं तुमची होती, तेव्हा कोणी शेरा मारला नाही. एका निवृत्त फिटरने चमचा-चमचा तेल घालून ती जिवंत केली, त्या दिवशी ती शासनाची सुविधा झाली! मी तसं पत्र लिहिलं. पोच मिळाली, उत्तर नाही.

आमच्या चळवळीच्या समितीच्या बैठकीत एकजण चहा ओतता ओतता म्हणाला, "टायमिंग चुकलं. तासभर कळ काढली असती तर पूल झाला असता." मी ताडकन उठले, त्याला नाही नाही ते बोलले आणि चहा न घेता निघून आले. घरात शिरताना दार आपटलं. रागाने, असं मी मम्मीला सांगितलं. खरं कारण असं की तो माझंच बोलत होता, फक्त माझ्यापेक्षा उशिरा आणि मोठ्याने.

पूल अजून झालेला नाही. मोटर चालते. आता ती सुमन चालवते. बुधाकाकांचा खांदा गेला, आणि दोरी कशी ओढायची, प्लग कधी पुसायचा, हे पप्पांनी तिला ओट्यावर बसवून शिकवलं. औषध नियमित घेते, गरम कपडे घालते, तरी दर पावसाळ्यात एक-दोनदा दवाखाना आहेच. कळा सुरू होताहेत असं वाटलं की दुसरं कोणीतरी मोटरीवर बसतं. आजारी माणसं, परीक्षेची मुलं, तांदळाची पोती, सगळं तिच्या होडीतून. पावसाळ्यात पूर्वी पाड्यावरचं कोणी मोर्चाला येऊ शकत नसे. खातं सुनावण्या नेमक्या त्याच महिन्यांत ठेवायचं आणि "अर्जदार गैरहजर" लिहायचं. आता येतात. पन्नास माणसं तीन फेऱ्यांत.

येत्या मंगळवारी पुलाची नवी सुनावणी आहे. मी पत्रक लिहायला घेतलं होतं. आज सकाळी सुमनचा फोन आला. मागे मोटरचा आवाज, ती ओरडूनच बोलत होती.

"ताई, फरशी गेली पाण्यात. आता ऐक. मंगळवारी मी बोलणार."

"बोल की. मुद्दे पाठवते."

"मुद्दे नको. मला सांगायचंय ते ठरलंय." तिने मोटर बंद केली. एकदम शांतता. पाणी होडीवर आपटत होतं, ते ऐकू येत होतं. "त्या दिवशी काय झालं ते सांगणार. पूल मिळावा म्हणून मी छातीत दुखत असताना थांबते म्हणाले होते. माणसाला असं म्हणायला लागतं, हे त्यांना ऐकू दे."

"हं."

"आणि तू मला थोडं थांबशील का विचारलंस, तेपण सांगणार. अर्धं सांगितलं तर खोटं होईल. बा पण बसलेला असेल तिथे, त्याला अजून माहीत नाय." ती थांबली. "राग धरशील?"

ओट्यावर पप्पा कोणाची तरी स्कूटर खोलून बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "सांग."